हिरवा टॉवेल

डॉक्टर: बरं, नेला असेल टॉवेल. पण कुणी नेला, काकू?

काकू: ज्याचा होता त्याने. टॉवेल न्यायला कुणी ओळखपत्र दाखवतं का?

डॉक्टर: हरवलेल्या वस्तूंचा खोका मी आत्ताच उपसला. पोहायचे चष्मे आहेत, एका पायाची चप्पल आहे, एक कवळी आहे. टॉवेल नाही.

काकू: कवळी सकाळच्या बॅचच्या आजोबांची. काढून ठेवतात आणि विसरतात, मग घरी जेवायला बसले की आठवते. परवा त्यांची सून आली होती न्यायला, तोंड एवढंसं करून.

डॉक्टर: विषय बदलू नका.

काकू: खोका तुम्ही उपसलात. मी आपलं त्यात काय आहे ते सांगितलं.

डॉक्टर: तुम्ही माइकवर सांगता, "हिरवा टॉवेल सापडला आहे, मालकाने तिकीट खिडकीवर यावं." मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि एकदा नाही. माझा परीक्षेचा रबरी बाहुला पाण्यात गेला रे गेला की तुम्हाला टॉवेल सापडतो. नाहीतर चष्मा. नाहीतर चप्पल. इतर दिवशी या खिडकीला काही सापडत नाही.

काकू: पोहायचा तलाव आहे हा. इथे नाही हरवणार तर काय बँकेत हरवणार? थांबा जरा. हं, किती तिकिटं? मोठी का लहान? घ्या. आणि आत जायच्या आधी फवाऱ्याखाली नीट अंघोळ करायची, नुसते केस ओले करून यायचं नाही. आरोग्य खात्याच्या डॉक्टरबाई इथेच बसल्यात, वास घेऊन बघतील.

डॉक्टर: मी वास घेत नाही कुणाचा.

काकू: माहीत आहे. पण असं म्हटलं की लोक साबण लावतात.

डॉक्टर: काकू, मी भांडायला आलेली नाही. सरळ विचारते, सरळ सांगा. या शहरात जेवढे सार्वजनिक तलाव आहेत तेवढ्यांवर मी तो रबराचा बाहुला टाकते. लहान मुलाएवढा आहे, तळाला जाऊन बसतो. कुणाला आधी सांगत नाही. लाइफगार्डला तो किती वेळात दिसतो, एवढंच बघायचं असतं.

काकू: आणि तुम्ही घड्याळ धरून खांबामागे लपता. वरून तुमचा अंबाडा दिसतो.

डॉक्टर: दिसू दे. एका तलावावर गार्ड फोनवर बोलत होता. दुसऱ्या ठिकाणी गार्ड चांगला होता, पण त्याला उशीर झाला. एका ठिकाणी तर शेवटी मीच साडी खोचून बाहुला बाहेर काढला. आणि इथे? इथे तुमचे यजमान दर वेळी नंबर एक. टाकला की उडी. एकदाही चूक नाही.

काकू: मग आनंद माना. कप्तान म्हणतात त्यांना लोक, ते काय उगाच?

डॉक्टर: उद्या आमचे मोठे साहेब येताहेत. सगळ्या तलावांसाठी जो कार्यक्रम मी उभा केलाय, तो उद्या इथून सुरू होणार. पाण्याची तपासणी, क्लोरिन, गार्डचं प्रशिक्षण, सगळं. आणि "गार्ड कसा असावा" म्हणून मी तुमच्या नवऱ्याला उभं करणार आहे. उद्यापासून दुसऱ्या तलावांचे गार्ड इथे शिकायला येतील. त्यामुळे आज माझ्या डोक्यात जो किडा वळवळतोय, तो आजच बाहेर पडलेला बरा.

काकू: तुमच्या डोक्यात किडा वळवळतो त्याला आमचा इलाज काय?

डॉक्टर: आधी मला वाटलं, आमच्या ऑफिसातून बातमी फुटते. ड्रायव्हरवर संशय घेतला. बोलले त्याला, वाटेल ते बोलले. बिचारा तेव्हापासून गाडीत तोंड शिवून बसतो. मग मी दिवस बदलले, बॅच बदलल्या, एकदा तर रिक्षाने आले. तरी तुम्हाला टॉवेल सापडला.

काकू: त्या ड्रायव्हरची माफी मागा. सज्जन माणूस आहे. गाडी लावून इथे पाणी मागायला येतो.

डॉक्टर: म्हणजे तो तुमच्याशी बोलतो.

काकू: पाणी मागतो म्हटलं. झालं, लागलात परत संशय घ्यायला.

डॉक्टर: तुम्ही माझ्याकडे बघून बोला ना.

काकू: ऐकते आहे की.

डॉक्टर: मघापासून तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलेलं नाही. तिकीट देतानासुद्धा त्या माणसाकडे बघितलं नाहीत. हात इकडे आणि डोळे सारखे त्या मागच्या काचेतून खाली.

काकू: तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे? खाली पोरंबाळं पोहताहेत, ती बघावीशी वाटतात. इथून सगळा टँक दिसतो. तळाच्या फरश्यासुद्धा.

डॉक्टर: खालून नाही दिसत?

काकू: दिसतात की. दिसत असतील. मी कधी खाली उभी राहून बघितलं नाही. मी पाण्याजवळ जात नाही.

डॉक्टर: का?

काकू: पोहता येत नाही मला. भीती वाटते. हसू नका, खूप जणींना वाटते.

डॉक्टर: मी हसले नाही. बरं, दुसरं विचारते. कप्तानांना मी डोळे तपासायला तीन वेळा बोलावलं. सगळ्या गार्डना सक्तीचं आहे ते. तिन्ही वेळा आले नाहीत. का?

काकू: सर्दी झाली होती.

डॉक्टर: तिन्ही वेळा?

काकू: दिवसभर पाण्याशी खेळणारा माणूस. सर्दीच होणार, त्यांना काय उष्माघात होणार आहे?

डॉक्टर: सर्दी नाकाला होते, काकू.

काकू: डॉक्टर तुम्ही आहात. तुम्हाला जास्त कळतं.

डॉक्टर: आणि या खिडकीचं. उद्यापासून तिकीट फोनवर मिळणार, गेटवर मशीन बसणार, या खोलीत लॉकर येणार. तुमची नोकरी जात नाही, पगार तोच, गेटवर खुर्ची, पंखा. सगळे खूश झाले. तुम्ही एकट्याच अडून बसलात. तुमचा अर्ज मी वाचला. "खोली बंद करू नये." बस, एवढंच. कारण लिहिलेलं नाही.

काकू: सवय झाली आहे या खोलीची.

डॉक्टर: सवय? उन्हाळ्यात इथे भट्टी होते. टेकायला धड खुर्ची नाही.

काकू: मला गेट नको. पंखा नको. मला खिडकी हवी आहे. यात न कळण्यासारखं काय आहे?

डॉक्टर: मला कळतंय. तेच तर वाईट आहे. मला वाटतं, तुम्हाला इथून बाहुला दिसतो, आणि तुम्ही नवऱ्याला माइकवरून सांगता. टॉवेल म्हटलं की एक जागा, चष्मा म्हटलं की दुसरी.

काकू: छान. म्हणजे मी आता गुप्तहेर झाले.

डॉक्टर: नाही म्हणा. माझ्याकडे बघून एकदा नाही म्हणा, मी लगेच जाते.

काकू: ती पोरगी बघा.

डॉक्टर: परत विषय बदलताय.

काकू: लाल टोपीवाली. एका दमात पाण्याखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. स्पर्धेला उतरणार आहे म्हणे. वर येऊन थोडा दम घेते, की परत खाली. पहिल्यांदा बघितली तेव्हा मीच श्वास धरून बसले होते.

डॉक्टर: हे बंद करायला हवं. माझ्या नियमांत आहे ते. श्वास कोंडून पाण्याखाली राहायचं नाही. माणूस बेशुद्ध होतो आणि आवाजसुद्धा होत नाही. शेजारी पोहणाऱ्याला वाटतं, तो पोहतोय.

काकू: मी सांगितलं होतं तिला. म्हणाली, काकू, तुम्ही तिकिटं फाडा. आजकालच्या पोरी.

डॉक्टर: काकू, मी विचारलं त्याचं उत्तर द्या.

काकू: डॉक्टरबाई.

डॉक्टर: बोला.

काकू: आज बाहुला टाकलाय का तुम्ही?

डॉक्टर: का?

काकू: टाकलाय का, ते सांगा.

डॉक्टर: ते कसं सांगेन? परीक्षा ती हीच. तुम्हाला सांगितलं म्हणजे कप्तानांना सांगितलं.

काकू: ती नारिंगी पिशवी आज तुमच्या हातात नाही. तुमच्या माणसाकडे दिलीत? त्याने टाकला?

डॉक्टर: मी काही बोलणार नाही. बघू तरी तुम्ही काय करता.

काकू: देवा. मुद्दाम इथे येऊन बसलात ना? मला पकडायला?

डॉक्टर: काकू, माइक कशाला उचलताय?

काकू: पकडा. "हिरवा टॉवेल सापडला आहे. हिरवा टॉवेल. मालकाने ताबडतोब तिकीट खिडकीवर यावं. हिरवा टॉवेल." घ्या. झालं तुमच्या मनासारखं? खोल बाजूला आहे तुमचा बाहुला, भिंतीपासून जरा अलीकडे. लिहा आता काय लिहायचं ते. त्यांची नोकरी घ्या आणि माझी पण घ्या.

डॉक्टर: बाहुला माझ्या गाडीच्या डिकीत आहे.

काकू: काय?

डॉक्टर: आज मी टाकलेलाच नाही. कुठे बघितलंत? काय आहे तिथे?

काकू: मग ते काय आहे? काळं दिसतंय. लाल टोपी, ती टोपी वरच तरंगतेय. अगं आई. आणि हे घड्याळ काय काढत बसलेत. यांना बाहुलाच वाटतोय. "कप्तान, घड्याळ राहू द्या. बाहुला नाही. माणूस आहे. खोल बाजू, खरा माणूस आहे, अहो, उडी मारा."

(खाली पाण्याचा मोठा आवाज, मग शिट्ट्या. दोघी जिना उतरून धावत जातात.)

कप्तान: सरका. सगळे सरका. धरा हिला, डोकं धरा, आपटू देऊ नका.

डॉक्टर: इथे सपाट ठेवा. मला जागा द्या. कप्तान, हनुवटी वर करा. अजून. श्वास नाही.

कप्तान: तोंडाने देऊ?

डॉक्टर: मी देते. काकू, लोकांना पाण्यातून बाहेर काढा. अँब्युलन्स.

काकू: जिन्यातच लावलाय फोन. निघाली आहे. चला रे, बाहेर या सगळे, कडेला बसा. उभं राहून बघायचं नाही. काय तमाशा आहे का? त्या पोरांचे हात धरा कुणीतरी.

कप्तान: डॉक्टर, छाती दाबू?

डॉक्टर: दाबा. मध्ये. दोन्ही हात. जोरात, अजून जोरात, घाबरू नका. थांबा. आता मी. परत दाबा.

कप्तान: ऊठ गं. ऊठ माझी बाय. ऊठ.

डॉक्टर: दाबत राहा.

काकू: ओठ हलले. हलले तिचे ओठ.

डॉक्टर: कुशीवर करा. लवकर, कुशीवर. येऊ दे बाहेर, सगळं पाणी येऊ दे. हं. खोक. अजून खोक. छान. श्वास घे. मी आहे इथे.

काकू: रडतेय.

डॉक्टर: रडू दे. रडणं चांगलं आहे.

* * *

डॉक्टर: हॉस्पिटलमधून फोन होता. शुद्धीवर आहे. आईला ओळखलं. आज त्यांच्या देखरेखीखाली राहील, पण धोका टळलाय असं म्हणाले.

काकू: सुटले बाई.

डॉक्टर: पहिलं काय विचारलं माहीत आहे? माझी टोपी कुठे आहे.

काकू: टोपी. तिकिटं फाडा म्हणाली होती मला. येऊ दे परत, चांगली कानउघाडणी करते. तुम्ही चहा घ्या, डॉक्टरबाई. इथे काठाला बाकावर बसा, दमलात.

डॉक्टर: जिवंत माणसावर बऱ्याच वर्षांनी केलं हे. आता नुसती शिकवत असते.

कप्तान: डॉक्टर, तुम्ही विचारायच्या आधी मीच सांगतो.

काकू: अहो, आधी अंग पुसा. नंतर बोला.

कप्तान: तू थांब जरा. इतकी वर्षं माइक तुझ्याच हातात आहे. डॉक्टर, ती पोरगी मला दिसली नाही. समोर होती. खुर्चीवरून नाकासमोर होती, आणि मला दिसली नाही.

डॉक्टर: तिथून ऊन पाण्यावर येतं. मी आत्ता तुमच्या खुर्चीवर चढून बघितलं. मलाही नीट नाही दिसलं.

कप्तान: तुम्हाला नीट दिसलं नाही. मला दिसतच नाही. पाण्यावर दूध सांडल्यासारखं दिसतं. आधी फक्त दुपारी व्हायचं, आता सकाळीही होतं. वर पोहणारे दिसतात, हात दिसतात, टोप्यांचे रंग दिसतात. पाण्याखालचं काही नाही.

डॉक्टर: मोतीबिंदू असेल.

कप्तान: असेल.

डॉक्टर: असेल म्हणजे? दाखवलं नाही कुणाला?

काकू: डोळ्यात औषधाचा थेंब घालायचा म्हटलं तरी हे पलंगाखाली जातात. उंच फळीवरून सूर मारणारा माणूस. मी म्हणते ऑपरेशन करून टाका, तर म्हणे डोळ्याला सुरी लावायची? आणि दुसरं म्हणजे, ऑपरेशन झालं की काही दिवस पाण्यात उतरायचं नाही. तेवढ्यात खुर्चीवर दुसरा बसेल, आणि मग हे बसणार घरी माझं डोकं खात.

कप्तान: तिचं खरं आहे. दोन्ही खरं आहे. भीती वाटली, आणि खुर्ची सोडवेना.

डॉक्टर: आणि टॉवेल? तो कधी ठरला?

कप्तान: ठरला नाही. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मला काय माहीत होतं? मी आपला पाण्याकडे बघत बसलेलो. एकदम हिचा आवाज आला, हिरवा टॉवेल सापडला. मी मनात म्हटलं, हिला काय झालं? मग लक्षात आलं, लोक टॉवेल वाळत टाकतात ते खोल बाजूच्या कठड्यावर. मी तिकडे उडी मारली, तर हाताला रबर लागलं.

काकू: चष्मे शिडीजवळ ठेवतात. चपला उथळ बाजूला. मला सुचलं ते बोलले, आणि यांना कळलं.

डॉक्टर: घरी बोलला असाल ना यावर.

काकू: नाही.

डॉक्टर: कधीच नाही?

काकू: काय बोलणार? तुम्हाला दिसत नाही असं मी त्यांना म्हणू? ते जेवायचे, मी वाढायचे. टॉवेलचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

कप्तान: लोक पाठ थोपटायचे. तुम्हीही थोपटलीत. मला वाटायला लागलं, चाललंय की. ती बघते, मी उडी मारतो, दोघं मिळून एक गार्ड. त्यात काय वाईट? आज कळलं काय वाईट ते.

काकू: उडी मारलीत ना. बाहेर काढलीत तिला.

कप्तान: घड्याळ काढत होतो मी.

काकू: जाऊ दे ते.

कप्तान: कसं जाऊ दे? टॉवेल म्हणालीस, मला वाटलं आली परीक्षा. बाहुल्याला काय घाई आहे? तो कुठे मरतोय? घड्याळ भिजेल म्हणून पट्टा सोडत होतो. तू परत ओरडली नसतीस तर चप्पलसुद्धा नीट काढून ठेवली असती. खाली गेलो, हात फिरवला. रबर लागेल म्हणून फिरवला, आणि बोटं लागली. डॉक्टर, बोटं. गार होती, पण माणसाची होती.

डॉक्टर: शांत व्हा.

कप्तान: तो तुमचा बाहुला यायच्या आधी मी कपड्यांसकट उडी मारायचो. बुटांसकट मारली आहे.

डॉक्टर: माझंही ऐका. काकूंनी मला विचारलं होतं, आज टाकलाय का. मी सरळ "नाही" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, बघू तुम्ही काय करता. ती मुलगी तळाशी होती आणि मी काकूंना पकडायचं म्हणून मजा बघत होते.

काकू: तुम्हाला कुठे माहीत होतं?

डॉक्टर: तुम्हालाही माहीत नव्हतं. तरी तुम्ही माइक उचललात. सापळा आहे असं वाटत असूनसुद्धा.

काकू: उचलला खरा. पण लगेच नाही उचलला. आधी तुमचं तोंड बघितलं, खरं बोलताय का ते. आज पहिल्यांदा मी काचेवरून डोळे काढले, डॉक्टरबाई, आणि ते तुमच्याकडे बघायला काढले.

डॉक्टर: काकू, रडू नका.

काकू: रडत नाही. ही चहाची वाफ आहे. आता सांगा, तुम्ही वर काय कळवणार?

डॉक्टर: जे झालं ते.

काकू: म्हणजे यांनी जीव वाचवला, हे?

डॉक्टर: हे कळवणार. आणि त्यांना ती दिसली नव्हती, हेही कळवणार.

काकू: वाटलंच होतं मला. गोड बोलून सगळं काढून घेतलंत.

डॉक्टर: काकू, आज तुम्हाला ताप आला असता तर? परवा तुम्ही बहिणीकडे गेला असता तर? आणि वरच्या त्या खोलीत मी लॉकर बसवले असते तर? मीच बसवणार होते. उद्याच.

कप्तान: त्यांचं बरोबर आहे.

काकू: तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका.

कप्तान: बाजू कसली? ही शिट्टी घ्या, डॉक्टर. दोरी ओली आहे. मी मघाशीच काढून ठेवली होती.

डॉक्टर: आज मी घेते. आधी डोळे. ऑपरेशन मोठं नाही, आणि मी स्वतः तुमच्यासोबत येईन, पलंगाखालून ओढून काढायला. पण नंतर खुर्ची परत मिळेल असं मी आज सांगणार नाही. ते माझ्या हातात नाही, आणि खोटा धीर मला द्यायचा नाही.

कप्तान: नका देऊ.

काकू: आणि उद्या तुमचे साहेब?

डॉक्टर: येतील. तलाव बंद असेल. नमुना म्हणून काय दाखवायचं ते बघते. नाचक्की होईल माझी, होऊ दे. ज्या तलावांवर बाहुला उशिरा सापडला त्यांना मी नापास केलं होतं. आता वाटतं, ते निदान प्रामाणिकपणे नापास झाले. जिथे सगळे पास आहेत, तिथे जाऊन आधी बघायला हवं की माइक कुणाकडे आहे.

काकू: खिडकीचं काय?

डॉक्टर: खिडकी राहील. फक्त इथेच नाही, जमेल तिथे प्रत्येक तलावावर एक माणूस वरून बघणारा बसवायचा, असं मी मांडणार आहे. तिकिटं विकायची नाहीत, बोलायचं नाही, फक्त तळ बघायचा. आणि काही दिसलं तर टॉवेल नाही म्हणायचं. सरळ सांगायचं, माणूस बुडतोय, अमुक बाजूला. इथे पहिल्या तुम्ही, जमेल ना?

काकू: मी? मला पोहता येत नाही म्हणून सांगितलं ना. पाण्याची भीती वाटते मला.

डॉक्टर: म्हणूनच तुम्ही डोळे हलवत नाही. पण एक अट घालणार आहे. वर बसणारा आणि खाली बसणारा एका घरातले नकोत.

काकू: म्हणजे आमच्यातलं एकच कुणीतरी.

डॉक्टर: हो.

काकू: आमच्यावर विश्वास नाही तुमचा.

डॉक्टर: नाही. आज तरी नाही. माझाही माझ्यावर नाही.

कप्तान: हो म्हणून टाक त्यांना.

काकू: तुम्ही घरी बसणार, आणि मी इथे?

कप्तान: कुकर लावायला शिकेन. त्याच्या शिट्ट्या मोजेन. हो म्हण.

काकू: बघते. विचार करून सांगते.

डॉक्टर: सांगा. मी निघते. ड्रायव्हर बाहेर थांबलाय, त्याची माफी मागायची आहे.

काकू: आधी पाणी द्या त्याला. मग मागा.

* * *

कप्तान: जरा सरक. मला बसू दे इथे.

काकू: इथे? आजवर कधी जिना चढला नाहीत.

कप्तान: कशाला चढणार? माझी जागा खाली होती.

काकू: बसा. ती खुर्ची डुगडुगते, जपून.

कप्तान: तू इथे बसायचीस होय दिवसभर? काचेला नाक लावून?

काकू: मग काय करणार? खाली माझा नवरा आंधळा बसलेला.

कप्तान: अगदी आंधळा नाही म्हणायचं.

काकू: बरं, नाही म्हणत.

कप्तान: इथून तळ दिसतो तुला?

काकू: दिसतो. रेघा दिसतात. कोपऱ्यातली एक फरशी फुटली आहे, ती दिसते. तुम्हाला?

कप्तान: नाही.

काकू: ऑपरेशन झालं की दिसेल.

कप्तान: बघू. सगळे गेले ना? कुणी राहिलं नाही ना आत?

काकू: गेले सगळे. मी कपडे बदलायच्या खोल्यासुद्धा बघून आले.

कप्तान: मग ते लाल काय आहे? तिकडे, शिडीजवळ. लाल हलतंय काहीतरी.

काकू: टोपी आहे. त्या पोरीची.

कप्तान: नुसती टोपी?

काकू: हो.

कप्तान: नीट बघ. खाली कुणी नाही ना?

काकू: बघितलं हो. कुणी नाही. नुसती टोपी आहे.